खेळातलं यान किती पळवावं?

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. आठवीत गेलाय. एक दिवस त्याने मोठा ग्राफ पेपर जमिनीवर पसरला, कॅरमच्या सोंगट्या घेतल्या आणि अंतराळयुद्धाचा खेळ रचायला बसला. सूर्य कागदाच्या डाव्या कडेला. पृथ्वी ते सूर्य हे साधारण 15 कोटी किलोमीटरचं अंतर म्हणजे कागदावरचं एक घर. त्या मापाने गुरू पाचव्या घरात, शनी साडेनवाच्या आसपास आणि नेपच्यून पार तिसाव्या घरात. सगळं नीट मांडून झाल्यावर त्याने विचारलं, "मामा, यानाचा वेग किती ठेवू?"

मी म्हटलं, खराच ठेवून बघ.

मग आम्ही दोघं हिशेबाला बसलो. व्हॉयेजर 2 हे यान 20 ऑगस्ट 1977 ला निघालं आणि 25 ऑगस्ट 1989 ला नेपच्यूनजवळून गेलं. म्हणजे बारा वर्षं आणि वर पाच दिवस. खेळातली एक फेरी एका महिन्याची धरली तर नेपच्यून गाठायला 144 फेऱ्या लागतील. सोंगटी सरकवून सरकवून बोटं दुखतील आणि मे महिना संपेल. बरं, फेरी वर्षाची करू. आता नेपच्यून बारा फेऱ्यांत येतो, हे खेळण्यासारखं आहे. पण आपलं मंगळयान 1 डिसेंबर 2013 ला पृथ्वीची कक्षा सोडून निघालं आणि 24 सप्टेंबर 2014 ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. दहा महिनेही लागले नाहीत. शुक्र तर त्याहून जवळ. म्हणजे वर्षाची फेरी धरली की बुधापासून मंगळापर्यंतच्या सगळ्या हालचाली एकाच फेरीत उरकतात. तिथे डावपेच करायला जागाच उरत नाही. आतल्या ग्रहांसाठी महिन्याचं माप हवं, बाहेरच्यांसाठी वर्षाचं, आणि कागद तर एकच.

भाच्याला आठवीत पडलेला हा प्रश्न अंतराळातल्या डावपेचांचे मोठमोठे खेळ रचणाऱ्यांनाही पडतोच. मी हे खेळ वर्षानुवर्षं खेळत आलोय. खरेपणा आणि खेळाची गोडी यांत एकाची निवड करावी लागते, असं बरेच जण धरून चालतात, ते मला पटत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की वेगाच्या आकड्यात हवी तेवढी सूट घ्या, पण वेगाची किंमत मात्र खेळाडूकडून पुरेपूर वसूल करा. ते कसं, ते आता टप्प्याटप्प्याने बघू.

आधी आकड्याचं. पडद्यावर "सेकंदाला 300 किलोमीटर" असं लिहिलेलं असो की "3,000 किलोमीटर", खेळाडूला फरक पडत नाही. त्याला कळतं ते एवढंच: हुकूम दिल्यापासून ताफा पोचेपर्यंत किती फेऱ्या जातात, आणि तेवढ्या वेळात समोरचा काय काय करू शकतो.

आमच्या कागदावरचंच उदाहरण घ्या. माझा कारखाना पृथ्वीवर आहे आणि तो चार फेऱ्यांत एक यान बांधतो. भाच्याचा ताफा गुरूवरून निघाला की आठ फेऱ्यांत माझ्याकडे पोचतो. म्हणजे तो निघाल्यापासून पोचेपर्यंत माझी दोन यानं जास्तीची तयार. त्याला ती दोन धरून ताकद आणावी लागेल. आता सगळ्यांचा वेग चौपट करू. तो दोन फेऱ्यांत दारात उभा, माझं अर्धं यान अजून कारखान्यात. जो आधी हल्ला करेल तो जिंकेल आणि डाव पाच मिनिटांत संपेल. उलट वेग निम्मा केला तर तो येईस्तोवर माझी चार यानं तयार असतील. मग हल्ला करायची हिंमत कोण करणार? दोघंही आपापल्या ग्रहावर यानं जमवत बसतील. तेव्हा वेग जास्त की कमी हे एकट्या वेगावरून ठरत नाही, बांधणीच्या वेळेशी ताडून बघावं लागतं. बांधणीचा वेळ बदलला की तोच वेग जास्तीचा वाटायला लागतो किंवा कमी पडतो.

यात तिसरी गोष्ट शिरते ती म्हणजे सुगावा. ताफा आठ फेऱ्या दूर असताना मला दिसला तर मी बांधणीला लागेन. दोनच फेऱ्या उरल्यावर दिसला तर तोवर कारखान्यात मालवाहू यानं बनत असतील. वेगाचा आकडा तोच, पण हल्ल्याची धार कितीतरी वाढली. नवखे रचनाकार खेळ रटाळ झाला की आधी इंजिनं जोरात करतात. माझ्या मते आधी रडारकडे बघावं. किती आधी दिसतं हे बदललं तर वेगाला हात न लावता खेळ चुरशीचा होतो.

मग अंतरांचं काय करायचं? यावर बहुतेक खेळांनी काढलेली वाट मुंबईकराला समजवायची गरज नाही. लोकलच्या डब्यात स्टेशनांची पट्टी असते. तिच्यावर चर्चगेट ते मरीन लाइन्स जेवढं अंतर दिसतं तेवढंच भाईंदर ते नायगाव दिसतं, मध्ये अख्खी वसईची खाडी आडवी असली तरी. कुठल्या स्टेशनानंतर कुठलं येतं एवढंच प्रवाशाला हवं असतं, म्हणून ती पट्टी मापात खोटी असूनही उपयोगाची असते. अंतराळातल्या खेळांचे नकाशे बरेचदा असेच असतात: ताऱ्यांचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. रेषेवरूनच जायचं, मध्येच उतरायचं नाही.

हा रेषांचा नकाशा घ्यायचा की मोकळं आकाश ठेवायचं, यावरून एका गाजलेल्या खेळात मोठी उलथापालथ झाली. स्टेलारिस हा स्वीडनमधल्या पॅराडॉक्स कंपनीचा खेळ मे 2016 मध्ये आला. ताऱ्यांमध्ये प्रकाशापेक्षा जास्त वेगाने फिरायच्या तीन पद्धती त्यात सुरुवातीपासून होत्या आणि डाव सुरू करताना त्यातली एक निवडता यायची. वार्प घेणारा आवाक्यातल्या कुठल्याही ताऱ्यावर सरळ उडी मारायचा. हायपरलेन घेणारा ठरलेल्या वाटांनीच जायचा. वर्महोलवाला स्वतःची ठाणी उभारून त्यांच्या आवाक्यात ताफा फेकायचा. ऐकायला हे फार सुंदर वाटतं. प्रत्येक संस्कृतीची चाल वेगळी, स्वभाव वेगळा.

खेळताना मात्र अडचण व्हायची, कारण प्रत्येक खेळाडू जणू वेगळ्याच नकाशावर खेळत होता. मी माझ्या सीमेवर मजबूत ठाणं बांधलं तरी वार्पवाला त्याला वळसा घालून मागच्या ताऱ्यावर उतरायचा. त्याच्या मागे ताफा धाडावा तर तो तिसरीकडे निघून जायचा. युद्ध म्हणजे अर्धा वेळ पाठशिवणीचा खेळ व्हायचा. जिथे वाट नाही तिथे नाकं नाही, आणि नाकं नसेल तर किल्ला कुठे बांधणार? 22 फेब्रुवारी 2018 ला आलेल्या 2.0 आवृत्तीत कंपनीने सुरुवातीच्या प्रवासासाठी फक्त हायपरलेन ठेवल्या. आवडती पद्धत गेली म्हणून बरेच खेळाडू चिडले.

त्यांची चीड मला समजते. तीन पद्धतींमधली विविधता खरोखरच गेली. तरीही तो निर्णय योग्य होता असं मी ठामपणे म्हणेन. त्यानंतर नकाशाला भूगोल आला. दोन राज्यांमधला एकच दुवा असलेला तारा एकदम मोलाचा झाला. 2 फेब्रुवारी 1661 ला उंबरखिंडीत कारतलबखानाच्या मोठ्या फौजेची शिवाजी महाराजांच्या थोड्या मावळ्यांनी कशी कोंडी केली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अशा ताऱ्याचं मोल लगेच कळेल. खानाची फौज संख्येने कमी नव्हती, पण अरुंद वाटेत ती संख्या वापरता येत नव्हती. मोकळ्या आकाशात असा सापळा लावताच येत नाही.

स्टेलारिसने पुढे आणखी एक शहाणपण दाखवलं. डावाच्या उत्तरार्धात राज्यं पसरलेली असतात आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ताफा न्यायचा तर वाट बघून कंटाळा येतो. तेव्हा वाटा सोडून लांब उडी मारणारं इंजिन मिळतं. पण उडी मारल्यावर ताफ्याचा मारा काही काळ दुबळा होतो आणि पुढची उडी लगेच घेता येत नाही. वेग दिला, पण त्याचा मोबदला घेऊनच दिला.

असा मोबदला घेणारे नियम रचनाकार नेहमी डोक्यातून काढतात. माझा आग्रह असा की आधी निसर्गाकडे बघावं. तिथे वेगाची किंमत केव्हाची ठरलेली आहे, आणि ती भलतीच चढी आहे.

अपोलो 11 हे 16 जुलै 1969 ला निघालं आणि 20 तारखेला माणसं चंद्रावर उतरली. आपलं चांद्रयान 3 हे 14 जुलै 2023 ला निघालं आणि 23 ऑगस्टला उतरलं. चंद्र तोच, मग चार दिवस कुठे आणि चाळीस दिवस कुठे? अपोलोला सरळ चंद्राकडे ढकलणारं सॅटर्न 5 हे सुमारे 2,900 टनांचं रॉकेट होतं. आपलं एलव्हीएम 3 सुमारे 640 टनांचं. त्यामुळे इस्रोने चांद्रयानाला आधी पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं, ते पृथ्वीजवळ आलं की इंजिन थोडं चालवून कक्षा लांबवली, असं पुन्हा पुन्हा करत चंद्रापर्यंत नेलं. वेळ खर्चून इंधन वाचवलं. खेळ रचणाऱ्याने हा व्यवहार जसाच्या तसा उचलावा: लवकर पोचायचं तर इंधन ओत, इंधन नाही तर थांब.

आणि इंधन किती ओतावं लागतं? रशियन शिक्षक त्सिओल्कोव्स्की यांनी 1903 साली मांडलेलं सूत्र हेच सांगतं. इंधनालाही वजन असतं आणि तेही सोबत ओढत न्यावं लागतं, त्यामुळे हिशेब चढत जातो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणाऱ्या चांगल्या इंजिनातून वायू सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. अशा इंजिनाने 1 टनाचं यान सेकंदाला 9 किलोमीटरपर्यंत न्यायला साधारण 6.4 टन इंधन लागतं. वेग दुप्पट, म्हणजे 18 किलोमीटर करायचा तर इंधन दुप्पट पुरत नाही. सुमारे 54 टन लागतं.

हे सूत्र खेळात असलं की यान बांधणाऱ्यापुढे खरा पेच उभा राहतो. चिलखत जाड केलं तर वजन वाढलं, वजन वाढलं की तेवढ्याच इंधनात वेग कमी. तोफा दोनच ठेवल्या तर शत्रूला गाठता येतं, पण गाठून करायचं काय? टेरा इन्व्हिक्टा या 2022 साली लोकांसमोर आलेल्या खेळात हाच पेच आहे. खरी सूर्यमाला, खऱ्या कक्षा, उरलेल्या इंधनात यानाचा वेग अजून किती बदलता येईल त्याचा हिशेब, आणि ग्रह जागेवर येईपर्यंत महिने थांबणं. तो खेळ संथ आहे आणि सगळ्यांना झेपेल असा नाही, पण त्यात ताफा निघतो तेव्हा काहीतरी पणाला लागलंय असं वाटतं.

आकड्यात सूट घेऊन किंमत कशी राखावी याचा माझा सगळ्यात आवडता दाखला युद्धाच्या खेळातला नाही. मेक्सिकोतल्या स्क्वॅड कंपनीचा कर्बल स्पेस प्रोग्रॅम 2011 साली पहिल्यांदा आला, 2015 मध्ये पूर्ण झाला. त्यात आपण रॉकेट बांधून कर्बिन नावाच्या ग्रहावरून उडवतो. खऱ्या पृथ्वीवर हे करायला गेलं तर नवखा माणूस कक्षेपर्यंत पोचणं फार कठीण, कारण खालच्या कक्षेत टिकायला सेकंदाला 7.8 किलोमीटर वेग लागतो. मग त्यांनी काय केलं? गुरुत्वाकर्षणाचे नियम तसेच ठेवले आणि ग्रह लहान केला. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर, कर्बिनची 600. पृष्ठभागावर वजन मात्र पृथ्वीइतकंच भासतं. तेवढ्याने कक्षेचा वेग सेकंदाला सुमारे 2.3 किलोमीटरवर आला आणि एक प्रदक्षिणा दीड तासाऐवजी अर्ध्या तासात होऊ लागली.

आता हा ग्रह खरा असेल तर त्याची घनता सोन्याच्या तिप्पट निघते. असा ग्रह असूच शकत नाही. पण खेळणाऱ्याला हे खटकत नाही, कारण त्याच्या हाताला जे जाणवतं ते सगळं खरं आहे: पुढच्या यानाला गाठायचं तर आधी खालच्या कक्षेत उतरावं लागतं, चुकीच्या वेळी इंजिन चालवलं तर इंधन वाया जातं. आणि वाट बघण्याचा प्रश्न? तिथे खेळाचं घड्याळ लाखपटीने पळवता येतं. मंगळयानाचे ते 297 दिवस त्या गतीने सव्वाचार मिनिटांत संपतील. वेग वाढवण्याऐवजी वेळ पळवायचा हा मार्ग एकट्याने खेळायच्या खेळात सगळ्यात प्रामाणिक आहे. दहा जण एकाच डावात असतील तर तो बंद होतो, कारण मला घड्याळ पळवायचं असतं त्याच क्षणी तुमचं युद्ध रंगात आलेलं असतं.

लढाईत मात्र खरा वेग जवळजवळ नेहमीच घात करतो. दोन यानं समोरासमोरून येताहेत आणि त्यांच्यातला सापेक्ष वेग सेकंदाला 10 किलोमीटर आहे असं धरा. तोफेचा पल्ला 5 किलोमीटर. मग पल्ल्यात आल्यापासून एकमेकांना ओलांडून पल्ल्याबाहेर जाईपर्यंत वेळ मिळतो एक सेकंद. डोळ्याचं पातं लवलं की लढाई संपली. 1993 साली आलेल्या फ्रंटियर: एलीट 2 मध्ये न्यूटनचे नियम पाळले होते आणि त्यातल्या लढाया अशाच सुसाट एकमेकांना ओलांडत व्हायच्या. त्याच मालिकेतल्या 2014 च्या एलीट डेंजरस मध्ये लढताना यानाला कमाल वेग घालून दिला. तिथे एका ठरावीक मध्यम वेगाला यान सगळ्यात चपळ वळतं, त्यामुळे पायलटला वेग सतत सांभाळत राहावं लागतं. ही तडजोड मला मान्य आहे.

वेग आवरला नाही तर काय होतं, ते आइसलँडच्या ईव्ह ऑनलाइन ने 2003 पासूनच्या प्रवासात बघितलंय. तिथली यानं पाण्यात असल्यासारखी वागतात, इंजिन थांबलं की हळूहळू थांबतात. पण तोफेचं गणित बारकाईने केलंय. एक छोटं यान मोठ्या युद्धनौकेभोवती 1 किलोमीटरवरून सेकंदाला 400 मीटर वेगाने घिरट्या घालतंय. एक फेरा सोळा सेकंदांत. त्याच्यावर नेम ठेवायचा तर नौकेच्या बुरुजाला सेकंदाला 23 अंश वळावं लागेल. त्या अवजड तोफेला ते जमत नाही, म्हणून एवढीशी माशी हत्तीला बेजार करते. तेच यान 20 किलोमीटरवर असेल तर सेकंदाला एखादा अंश वळलं तरी पुरतं. वेग कुठे उपयोगी आणि कुठे नाही हे खेळाडू अंतरावरून ठरवतो. किती सुरेख मांडणी!

पुढे खेळाडूंनी इंजिनांवर इंजिनांचे सुटे भाग चढवून सेकंदाला कित्येक किलोमीटर पळणारी यानं बनवली. त्यांना तोफ लागेना, क्षेपणास्त्र गाठेना, आणि लढाई अंगाशी आली की ती निघून जात. वेगच चिलखत झाला, तोही फुकट. अखेर 2008 साली कंपनीला सगळ्या खेळाचे वेग नव्याने बसवावे लागले. शिवाय हा खेळ चालवणारा सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशेब करतो. यान एका सेकंदात दहा किलोमीटर सरकत असेल तर ते मध्ये कुठे होतं, हे सर्व्हरला माहीतच नसतं.

त्याच खेळात घड्याळाचा उलटा उपयोगही आहे. माणसं फार जमली की सगळ्यांचा वेळ एकदम मंद केला जातो, अगदी दहाव्या हिश्श्यापर्यंत. जानेवारी 2014 मधली साडेसात हजारांहून अधिक खेळाडूंची ती प्रसिद्ध लढाई म्हणूनच सुमारे 21 तास चालली.

प्रकाशाच्या वेगाची मर्यादा तेवढी बहुतेक खेळ सोडून देतात. पृथ्वीवरचा संदेश मंगळावर पोचायला 3 ते 22 मिनिटं लागतात, म्हणजे सेनापतीचा हुकूम नेहमीच शिळा. बटण दाबल्यावर यान लगेच हललं नाही तर खेळाडूला खेळ बिघडलाय असं वाटेल, ही भीती खरी आहे. पण फेऱ्यांच्या खेळात हे सहज जमू शकतं, आणि कुणीतरी ते मन लावून करावं अशी माझी फार इच्छा आहे.

आमच्या ग्राफ पेपरवर शेवटी काय ठरलं ते सांगतो. ग्रह लोकलच्या पट्टीसारखे समान अंतरावर मांडले, दोन ग्रहांत आठ घरं. यानाला ठरावीक वेग दिलाच नाही. गेल्या फेरीत जेवढी घरं गेलात तेवढीच या फेरीत जायचं, फार तर एक घर जास्त किंवा एक कमी, आणि तो बदल करायला एक इंधन मोजायचं. ही युक्ती आमची नव्हे. ट्रायप्लॅनेटरी या 1973 सालच्या अमेरिकन पटावरच्या खेळात याच जातीचा नियम होता. त्यात जडत्व आपोआप येतं. सहाच्या वेगाने जाणारं यान थांबवायचं तर पुढे पाच, चार, तीन, दोन, एक अशी पंधरा घरं जातात. बाराच्या वेगाने जाणारं थांबायला सहासष्ट.

पहिल्याच डावात भाच्याने शुक्रावरून निघून वेग वाढवत नेला. माझं ठाणं शनीवर होतं. त्याचं यान गुरू ओलांडून आलं तेव्हा वेग सहा झाला होता आणि ठाण्यापर्यंत सात घरं उरली होती. त्याने घरं मोजली. मग पुन्हा मोजली. माझ्याकडे बघून काहीच बोलला नाही. यान शनीवरून गेलं आणि युरेनसच्या एक घर अलीकडे जाऊन थांबलं, इंधन संपलेलं.

रात्री जेवण झाल्यावर बघतो तर तो वहीत एक तक्ता करत होता: कुठल्या वेगाला किती घरं आधी इंजिन उलटं करायचं.